विहानला नागनाथ जुळत नाही, मधलं नाव काय ठेवू?

पत्र असं आहे:

"बाई, नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते. मला तीन महिन्यांचा मुलगा आहे. बारशाला नणंदेनं विहान नाव ठेवलं, ते सगळ्यांना आवडलं. आता जन्माच्या दाखल्यावर नाव घालायचंय, ती जागा अजून रिकामीच आहे, आणि तिथं माझी गाडी अडलीय. मिस्टरांचं नाव नागनाथ. सासूबाईंना ते वडवळच्या नागनाथाला नवस बोलून झाले, म्हणून ते नाव. पण विहान नागनाथ कसंतरीच वाटतं, एक नवं एक जुनं, शिवाय शाळेत पोरं नाग नाग म्हणून चिडवतील. माझी मावसबहीण अमेरिकेत असते, तिनं मुलाला मधलं नाव वेगळं निवडून ठेवलंय. तसं मी पण नेटवर बघून रुद्र, देव, राज अशी काढलीत. सासूबाई म्हणतात, मधलं नाव बापाचं असतं, त्यात निवडायचं काय. मिस्टर म्हणाले, तुला हवं ते ठेव, आणि उठून गेले. त्यात आता आईचं नाव पण घालायचं म्हणतात, तर माझी नावं दोन, माहेरचं दीपाली आणि लग्नात ठेवलेलं रेणुका. विहानला कोणतं मधलं नाव सूट होईल ते सांगा. – दीपाली"

अगं दीपाली, लेकीच्या वयाची आहेस म्हणून अगंतुगं करते, राग मानू नको. तीन महिन्यांचं पोर मांडीवर घेऊन एवढं सविस्तर लिहिलंस म्हणजे हा विषय तुझ्या डोक्यात किती घोळलाय ते कळलं मला, त्यामुळे मी पण सविस्तरच लिहिते.

मी 31 वर्षं सोलापुरातल्या शाळेत शिकवलं आणि रोज सकाळी शिकवायच्या आधी हजेरी घेतली, म्हणजे हजारो पोरांची नावं बापाच्या नावासकट या तोंडातनं गेलीत. त्यामुळे पहिलं तुला हे सांगते की तुझा कान चांगला आहे. विहान नागनाथ खरंच अडतं. पण ते एक नवं एक जुनं म्हणून अडत नाही गं. आपण लिहितो विहान, पण शेवटचा अ तोंडातनं बाहेर पडतच नाही, नुसता न् राहतो, आणि लगेच पुढं ना आला की दोन्ही एकमेकांत घुसतात, मग ऐकणाऱ्याला विहानागनाथ असं एकच लांबडं काहीतरी ऐकू येतं. ओंकार रमेश, आरव वसंत, विराज जयवंत, ही पण तसलीच. हजेरी घेताना मधे मुद्दाम थांबावं लागायचं, नाहीतर ओंकारमेश. आणि नव्याजुन्याचाच प्रश्न असता ना, तर वेद सिद्धेश्वर, ईशान मल्लिकार्जुन ही नावं पण अडली असती, उलट ती काय सुंदर जातात, पुढं छोटं नाव आणि मागं भरदार, जसं लहान पोर बापाचं बोट धरून गड्ड्याच्या जत्रेत चाललंय. दोन्ही भरदार असली की मात्र म्हणणाऱ्याचा दम जातो. दोन्हीचा शेवट सारखा असला तरी बरं वाटत नाही, साईनाथ नागनाथ म्हटलं की बाप-लेक वाटतच नाहीत, दोन भाऊ वाटतात.

म्हणजे तुझी अडचण एका न ची आहे, आणि तिच्यावर उपाय आहे, तो पुढं सांगते. आधी मिस्टर उठून गेले त्याबद्दल बोलू.

तुला हवं ते ठेव, असं म्हणून नवरा उठून गेला हे तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढं गेलीस, पण मी त्या ओळीवर थांबले बघ. ज्याला खरंच काही वाटत नाही तो माणूस असा उठून जात नाही, तो तिथंच बसून मोबाईल बघत हो हो म्हणतो. तुझ्या मिस्टरांच्याच लेकाच्या नावातनं त्यांचं नाव काढायचं चाललंय, कारण काय तर ते जुनं वाटतं. बायकोला आपलं नाव जुनं वाटतं हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल. आणि सासूबाईंचं म्हणशील तर त्या नियम म्हणून बोलतात असं तुला वाटतंय, पण नवसानं झालेला पोरगा आहे तो त्यांचा. त्या नावापायी त्या किती वेळा वडवळला अनवाणी गेल्या असतील ते एकदा विचार त्यांना, निवांत बसून, वाद घालायला म्हणून नाही.

आता चिडवायचं. पोरं चिडवणार, ते मी नाकारत नाही. विहानला विमान पण म्हणतील, त्याला काय करणार. पण तुला एक खरं सांगते. माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता, त्याचं नाव चांगलं चालू फॅशनचं, आणि बापाचं नाव दगडू. हजेरीत मी पूर्ण नाव घेतलं की त्याची मान खाली. वहीच्या कव्हरवर त्यानं स्वतःचं नाव आणि आडनाव लिहिलेलं आणि मधे नुसता द आणि टिंब. एकदा दुपारच्या सुट्टीत त्याचे वडील डबा द्यायला आले, पूर्व भागात लूमवर कामाला होते, डोक्यात आणि भुवयांवर सुताची पांढरी तुसं तशीच, पाळी मधेच सोडून आलेले. मी सहज विचारलं, तुमचं नाव असं कसं हो ठेवलं. तर म्हणाले, "बाई, माझ्या आधीची तीन गेली. आईनं मला सुपात घातलं आणि दगडू म्हटलं, म्हणजे सटवीला वाटावं हितं पोर नाही, दगुड आहे." पोरगं शेजारी डबा धरून उभं होतं, ते ऐकत होतं. त्याला हे घरी कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लगेच काही ते पोरगं ताठ मानेनं बोललं वगैरे नाही. वर्ष गेलं त्यात. पण नववीत मी त्याला परत शिकवायला गेले तेव्हा वहीच्या कव्हरवर दगडू पूर्ण लिहिलेलं होतं. आपल्याकडं दगडू, धोंडू, केरबा ही सगळी नावं अशीच, मरणाची नजर चुकवायला ठेवलेली, आणि आपण त्यांना गावठी म्हणून मोकळे होतो. नागनाथ तर तसलंही नाही, देवाचं उघड नाव आहे. पोराला नावाची गोष्ट माहीत असली की चिडवणारं थकतं, आणि तुझ्या घरात तर ती गोष्ट सांगायला आजी बसलीय.

आणि एक, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. नेटवर शोधून शोधून तू पहिलं नाव काढलंस रुद्र. रुद्र म्हणजे महादेव. नागनाथ म्हणजे पण महादेवच की गं! औंढ्याला ज्योतिर्लिंग आहे ते नागनाथ, वडवळचा नागनाथ तोच, आणि आपल्या गावात तळ्यामधे सिद्धेश्वर बसलेला. तुला पोराच्या नावात महादेव हवा होता आणि तो तुझ्या नवऱ्याच्या आधार कार्डावर आधीच आहे.

आता मावसबहिणीचं. तिनं केलं ते तिथल्या रीतीनं बरोबर आहे. तिकडं मधलं नाव म्हणजे बापाचं नाव नव्हेच, आईबाप ते वेगळं निवडतात, कधी आजोबांचं, कधी नुसतं आवडीचं, आणि रोजच्या व्यवहारात बहुतेक वेळा त्याचं एक अक्षर उरतं. आपल्याकडं मधलं नाव हे कुणाचा ते सांगतं. गावात कुणी पोराला विचारतं ना, कुणाचा रं तू, त्याचं उत्तर ते. प्रत्येकाची रीत वेगळी, आपल्या सोलापुरातच बघ की, तेलुगू घरांत घराण्याचं नाव आधी आणि माणसाचं मागून, कानडी घरांत आजोबांचं नाव नातवाला द्यायची पद्धत, त्यामुळे मल्लप्पा सिद्राम आणि त्याचा मुलगा सिद्राम मल्लप्पा अशी नावं पिढ्यानपिढ्या उलटसुलट चालतात. तू तिकडची रीत इकडच्या फॉर्मात घालायला गेलीस की फॉर्म गोंधळतो, आणि हे मी ऐकीव सांगत नाही.

एका मुलाचं नाव घरच्यांनी साई प्रसाद असं दोन शब्दांत ठेवलेलं, मधे जागा सोडून. पहिलीत प्रवेश घेताना कुणीतरी साई हे नाव धरलं आणि प्रसाद बापाच्या जागी लिहिला. दहावीचा फॉर्म भरेपर्यंत कुणाचं लक्ष नाही. खऱ्या वडिलांचं नाव कुठंच नाही, आधारवर एक, शाळेच्या रजिस्टरला दुसरं. ती आई उन्हाळ्यात, सोलापूरचा उन्हाळा म्हणजे तुला माहीतच आहे, डोक्याला ओला पंचा बांधून प्रतिज्ञापत्र घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, आणि सारखं एकच म्हणायची, बाई आमचं चुकलं काय. तिचं काहीच चुकलं नव्हतं, एक जागा सुटलेली होती दोन शब्दांत. विहान रुद्र ठेवलंस तर रुद्र हे बाप म्हणून लागायची पूर्ण शक्यता आहे. म्हणून ते नको. फारच जीव असेल तुझा रुद्रवर तर घरात हाक मार की, कुणी अडवलंय. बारशाला आपण राशीचं नाव, कुळदेवतेचं नाव, हाकेचं नाव अशी तीन-तीन नावं कानात सांगतोच, त्यातलं एक रुद्र. कागदावर एकच शब्द, विहान.

आणि आता तो न चा उपाय. महाराष्ट्र सरकारनं मार्च 2024 मधे निर्णय घेतला की 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव लावायचं, आणि क्रम ठरवून दिलाय, आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. शाळेचा प्रवेश अर्ज, शिक्षणाची बाकीची कागदपत्रं, सगळीकडं तसंच. तू पत्रात हे लिहिलंस एक जास्तीची कटकट म्हणून, त्यात आता आईचं नाव पण, असं. अगं, तेच तर उत्तर आहे! मोठ्यानं म्हणून बघ. विहान दीपाली नागनाथ. दोन न च्या मधे तू येऊन बसलीस. विहान वर श्वास संपतो, दीपाली हळू वर चढतं, शेवटची ली जराशी लांबते आणि तिच्यावरनं नागनाथ आरामात खाली उतरतं. मी पत्र वाचल्यापासून दहा-बारा वेळा म्हणून बघितलं, स्वयंपाक करता करता, आणि हजेरीत घ्यायचे तसं पण, आडनाव आधी लावून. कुठं म्हणून अडलं नाही.

आईचं नाव पोराला लावायची रीत आपल्याकडं काही परकी नाही. गौतमीपुत्र सातकर्णी हा एवढा मोठा सातवाहन राजा, आईच्या नावानंच ओळखला गेला. आणि आपल्या गावचंच उदाहरण द्यायचं तर डॉक्टर कोटणीस. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, 1910 चा जन्म, सोलापूरचा. नाव बघ केवढं भरदार, आणि त्यातलं शांताराम जुनं झालं म्हणून कुणी गाळत नाही. ते चीनला गेले, तिथल्याच क्वो छिंगलान नावाच्या नर्सशी लग्न केलं आणि 1942 मधे मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बापाचा देश आणि आईचा देश, दोन्ही एका नावात. त्याच वर्षी डिसेंबरमधे डॉक्टर गेले, पोरगं काही महिन्यांचं. त्या पोराकडं बापाचं असं जे काही राहिलं त्यात हे नाव होतं. मी पोरांना हे सांगायचे तेव्हा दरवेळी माझा आवाज जड व्हायचा.

दीपाली की रेणुका, हे मात्र मनावर घेऊन ठरव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं नाव सासरी लाडाचं असतं, मान्य, आणि विहान रेणुका नागनाथ हे कानाला पण फार गोड आहे. पण तुझं आधार, तुझी मार्कशीट, बँकेचं पासबुक कशावर आहे ते बघ. सहीत तू दीपाली लिहिलंस म्हणून मी धरून चालते की कागदोपत्री दीपालीच आहे. तसं असेल तर दीपालीच घाल, डोळे झाकून. दवाखान्यातनं गेलेल्या नोंदीत आईचं नाव काय लिहिलंय तेही एकदा तपास. पोराच्या दाखल्यावर रेणुका आणि आईच्या आधारवर दीपाली असं झालं की पुढं दर ठिकाणी या दोघी एकच बाई हे सिद्ध करत बसावं लागतं. सासूबाईंना वाईट वाटलं तर सांग, की घरात मी तुमची रेणुकाच.

वेळेचं टेन्शन घेऊ नको. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, ती दवाखान्यामार्फत झालेलीच असणार. बाळाचं नाव नंतर घालायला 12 महिने मिळतात, त्याला फी नाही, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत पण घालता येतं, पण मग लेट फी आणि धावपळ. माझं म्हणशील तर या महिन्यातच उरकून टाक. ऑक्टोबर 2023 पासून कायदा बदललाय, त्यानंतर जन्मलेल्या पोरांना शाळेपासून लायसनपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालणार, त्यामुळे पूर्वीसारखं शाळेत मास्तर लिहितील ते नाव, असं आता राहिलं नाही.

इंग्रजी स्पेलिंगचं पण ठरवून जा. विहानमधे ए एक की दोन, हे घरी कागदावर लिहून ठेव, तिथं खिडकीत उभं राहून ठरवू नका. दीपालीत डबल ई आहे की आय, नागनाथमधे टीनंतर एच आहे की नाही, हे मनानं लिहायचं नाही, दोघांचं आधार समोर ठेवायचं. आणि इनिशियल्स पण लिहून बघ, मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही, आडनाव धरून. कधीकधी चार अक्षरं मिळून भलताच शब्द तयार होतो आणि तो कॉलेजात गेल्यावर पोराला चिकटतो. वि. दी. ना. मधे मला तरी काही वावगं दिसत नाही, तुमच्या आडनावाचं अक्षर लावून तूच बघ.

आज मिस्टर एमआयडीसीतनं म्हणा, ऑफिसातनं म्हणा, जिथनं येतात तिथनं आले की त्यांना चहा दे आणि सांग, विहान दीपाली नागनाथ कसं वाटतंय म्हणून बघा. त्यांनाच म्हणायला लाव, तू म्हणू नको. महापालिकेत जन्म-मृत्यू विभागात जायला त्यांनाच सुट्टी काढायला सांग आणि फॉर्म त्यांच्या हातानं भरू दे, तू शेजारी बाळ घेऊन उभी राहा. आणि दाखला हातात आला की खिडकीपासून हलायच्या आधी चारही नावं, मराठीतली आणि इंग्रजीतली, बोट ठेवून एकेक अक्षर वाचून बघा.